स्मृतीचीं कार्डें आणि त्यांचा वाचक

भिंगार हें गांव अहमदनगर शहरापेक्षां जुनें आहे. अहमद निजामशहानें १४९० सालीं बहामनी सैन्याचा पराभव केला आणि पुढें आपली नवी राजधानी वसविली, ती ह्याच गांवाच्या शेजारीं. तेव्हांपासून ह्या लहानशा टापूनें किती राज्यें पाहिलीं आणि त्या राज्यांबरोबर किती लिप्या पाहिल्या, ह्याचा हिशेब करण्यासारखा आहे. निजामशाहीचा व पुढें मोगलांचा दरबारी कारभार फारशींत चाले. गांवचा वसूल, वतनें आणि देणेंघेणें मराठींत, मोडी अक्षरांनीं लिहिलें जाई. १७०७ सालीं औरंगजेब बादशहाचा अंत ह्याच परिसरांतील छावणींत झाला. भिंगारजवळचा आलमगीर दर्गा ही त्याची खूण. १७५९ सालीं अहमदनगरचा किल्ला पेशव्यांकडे आला, तेव्हां मोडी दप्तरांत भर पडली. १८०३ सालीं जनरल वेलस्लीनें तो किल्ला घेतला. पुढें इंग्रजांची लष्करी छावणी आली आणि तिच्याबरोबर इंग्रजी कागद आले. शाळांतून बाळबोध छापील पुस्तकें आलीं. अर्थात् ह्या एकाच गांवाचा इतिहास कोणास मूळ कागदांवरून पाहावयाचा झाला, तर त्यास फारशी, मोडी, बाळबोध आणि रोमन अशा चार वळणांच्या अक्षरांची ओळख हवी.

ह्या अडचणीवर त्या काळींहि तोड काढलेली होती. दक्षिणेंतील सुलतानांचीं कित्येक फर्मानें द्वैभाषिक असत; एकाच कागदावर फारशी मजकूर आणि त्याचाच मराठी तर्जुमा असे. मराठी दरबारांत फारशी पत्रव्यवहार पाहण्यासाठीं पारसनीस हा स्वतंत्र अधिकारी असे, आणि त्या हुद्द्याचेंच पुढें आडनांव झालें. आलेला खलिता कोणत्या अक्षरांत आहे हें धन्यास ठाऊक नसलें तरी चाले. पारसनिसानें तो वाचावा आणि धन्यास समजेल अशा भाषेंत सांगावा, एवढेंच त्याचें काम. परंतु हें काम ज्या दिवशीं थांबलें, त्या दिवशीं कागद शाबूत असूनहि मुके झाले. विसाव्या शतकांत मोडी लिपि प्रथम सरकारी कामकाजांतून आणि मग शाळांतून गेली. ती वाचणारी पिढीहि हळूहळू गेली, आणि कित्येक घरांतील दप्तराचे रुमाल, आंत काय आहे तें कोणास कळेना म्हणून, रद्दींत गेले.

आज हीच अडचण घरोघर दुसऱ्या रूपानें उभी आहे. भिंगार काय किंवा पुणें-मुंबई काय, ज्या घरांत २००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत डिजिटल कॅमेरा आला, त्या घराच्या टेबलाच्या खणांत बहुधा दोन-चार मेमरी कार्डें पडलेलीं सांपडतात. एक आगपेटीहून किंचित् आंखूड, एक टपालाच्या तिकिटाएवढें, एक च्युइंगगमच्या वडीसारखें लांबट, तर एक बोटाच्या नखाएवढें. त्यांवर मुलांचीं बारशीं आहेत, मुंजी आहेत, बहिणींचीं लग्नें आहेत, घरांतील वडील माणसांचीं शेवटचीं चित्रें आहेत. भिंगारसारख्या छावणीच्या गांवीं बदलीच्या नोकरीचीं कुटुंबें पुष्कळ. त्यांच्या खणांत तर एकेका बदलीचें एकेक कार्ड असावयाचें. कार्ड शाबूत असतें, चित्रेंहि पुष्कळदां शाबूत असतात. परंतु ज्या कॅमेऱ्यानें तीं काढलीं तो केव्हांच बिघडून गेलेला असतो, आणि नव्या संगणकास तें कार्ड बसविण्याची जागाच नसते. हीं सारीं कार्डें वाचणारें जें एक लहानसें यंत्र आहे, त्यास कार्ड-रीडर म्हणतात. आपल्या काळचा हा पारसनीस होय. त्याचा इतिहास थोडक्यांत पाहण्यासारखा आहे.

ह्या सर्व कार्डांचें मूळ एकच. जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणारे फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ सालीं एका नव्या प्रकारच्या विद्युत्-स्मृतीचा शोध जगापुढें मांडला, आणि १९८७ सालीं तिचाच दुसरा, अधिक दाट सांठवणीचा प्रकार मांडला. पहिल्यास नॉर व दुसऱ्यास नँड अशीं नांवें आहेत. कॅमेऱ्यांच्या कार्डांत पुढें दुसराच प्रकार रूढ झाला. तिच्यांतील सांठविलेला मजकूर एका झटक्यांत पुसतां येतो, हें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि तेंच नांव रूढ झालें. ह्या फ्लॅश स्मृतींत अतिसूक्ष्म अशीं असंख्य घरें असतात. प्रत्येक घरांत विद्युत्कण कोंडून ठेवतात आणि भोंवतीं वीज वाहूं न देणाऱ्या पदार्थाची भिंत असते. वीज बंद झाली तरी कण आंतच राहतात. म्हणून कार्ड खिशांत टाकून कोठेंहि नेतां येतें. पूर्वीची व्यवस्था ह्यापुढें फारच अवजड होती. स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनीयरानें कोडॅक कंपनींत १९७५ सालीं पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, त्यांत एक चित्र नोंदण्यास २३ सेकंद लागत, आणि तें चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदलें जाई. सोनीनें १९९७ सालीं विकावयास आणलेला माविका कॅमेरा आपलीं चित्रें साध्या फ्लॉपीवर लिहीत असे. ती फ्लॉपी थेट घरच्या संगणकांत घालतां येई, हाच त्याचा मोठा गुण.

फ्लॅशचा शोध एक असला तरी तिला घातलेले अंगरखे मात्र अनेक झाले. १९९४ सालीं अमेरिकेंतील सॅनडिस्क कंपनीनें कॉम्पॅक्ट-फ्लॅश कार्ड काढलें. रुंदी ४३ मिलिमीटर, उंची ३६, आणि कडेला ५० बारीक छिद्रें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९९५ सालीं, तोशिबानें स्मार्ट-मीडिया नांवाचें कागदासारखें पातळ कार्ड आणलें. १९९७ सालीं सॅनडिस्क व जर्मनीची सीमेन्स ह्यांचें मल्टिमीडिया कार्ड आलें. १९९८ सालीं सोनीनें आपली स्वतंत्र मेमरी स्टिक काढली. १९९९ सालीं मात्सुशिता, तोशिबा आणि सॅनडिस्क ह्या तिघांनीं मिळून एस-डी कार्ड जाहीर केलें. २००२ सालीं ऑलिम्पस व फुजी ह्या कॅमेरेवाल्यांनीं स्मार्ट-मीडियाची जागा घेण्यासाठीं एक्स-डी कार्ड आणलें. पुढें मोबाइल फोनसाठीं एस-डीचींच बाळरूपें निघालीं. त्यांपैकीं १५ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर रुंद असें मायक्रो-एस-डी २००५ सालीं आलें, आणि तेंच आज सर्वांत अधिक दिसतें.

आठ-दहा वर्षांत सहा-सात प्रकारचीं कार्डें निघालीं, ह्याचें कारण केवळ शास्त्रीय नव्हतें. ज्याचें कार्ड चाले त्याच्याच कॅमेऱ्यास गिऱ्हाईक बांधलें जाई. एकदां एका प्रकारचीं चार कार्डें घरांत आलीं, कीं पुढचा कॅमेराहि त्याच घराण्याचा घेणें गिऱ्हाइकास भाग पडे. प्रत्येक संस्थानानें आपलें निराळें नाणें पाडावें आणि सरहद्दीवर बट्टा घ्यावा, तशांतला हा प्रकार होता. बाजाराची ही चढाओढ कंपन्यांना परवडली. तिचा बट्टा मात्र घरोघरच्या गिऱ्हाइकांस भरावा लागला.

आतां कार्डांतील चित्रें घरच्या संगणकांत कशीं न्यावयाचीं, हा प्रश्न. आरंभीं कॅमेऱ्यास एक तार जोडून ती संगणकाच्या पाठीमागील सीरियल नांवाच्या जोडणींत खोंचीत. ही वाट फारच अरुंद होती. ती पूर्ण वेगानें चालली तरी सेकंदास ११ किलोबाइटांच्या आसपास मजकूर जाई. म्हणजे केवळ ८ मेगाबाइटांचें कार्ड उतरवून घेण्यास बारा मिनिटें लागावयाचीं, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याची बॅटरी जळत राहावयाची. ह्यावर एक चमत्कारिक युक्ति निघाली. फ्लॉपीच्याच आकाराची एक पोकळ वडी करून तिच्या पोटांत स्मार्ट-मीडिया कार्ड सरकवीत आणि ती वडी संगणकाच्या फ्लॉपीच्या खांचेंत घालीत. संगणकास वाटे कीं ही फ्लॉपीच आहे. तिला फ्लॅश-पाथ म्हणत. युक्ति नामी होती, परंतु ती एकाच जातीच्या कार्डाच्या कामाची, आणि वेगहि फ्लॉपीचाच.

खरी वाट मोकळी झाली ती यू-एस-बी ह्या जोडणीनें. छापण्याचें यंत्र, कळफलक, माउस ह्या प्रत्येकास संगणकाच्या पाठीवर निराळें छिद्र लागे. त्या सर्वांच्या जागीं एकच जोडणी असावी, ह्या उद्देशानें सात कंपन्यांनीं मिळून तिचा नमुना ठरविला, आणि तो १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. ह्या कामांत इंटेल कंपनींतील अजय भट्ट ह्यांचा वाटा मोठा होता. भट्ट ह्यांचें शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. गायकवाडांच्या ज्या राजधानींत कित्येक मराठी घराणीं पिढ्यान् पिढ्या नांदलीं, तेथें शिकलेल्या एका अभियंत्याच्या हातून घडलेली वस्तु आज मराठी घरांतील प्रत्येक संगणकावर आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. यू-एस-बीच्या पहिल्या पिढीचा प्रत्यक्ष वेग सेकंदास सुमारें एक मेगाबाइट पडे. म्हणजे १२८ मेगाबाइटांचें कार्ड दोन-सव्वादोन मिनिटांत उतरे. २००० सालच्या दुसऱ्या पिढीचा कागदावरील वेग पहिलीच्या चाळीसपट झाला, आणि मग वाट अरुंद राहिली नाहीं.

ह्याच यू-एस-बीच्या जोरावर एकाच डबींत अनेक प्रकारचीं कार्डें घेणारा कार्ड-रीडर घरांत आला. बाहेरून पाहिलें तर हाताच्या पंज्यांत मावेल अशी प्लॅस्टिकची डबी, पुढें तीन-चार खांचा आणि मागें एक तार. वेष्टनावर सिक्स-इन-वन, टेन-इन-वन असे मोठमोठे आंकडे छापलेले असत. परंतु खांचा मात्र चारच, कारण एकाच घराण्यांतील पोटभेद निराळे मोजून तो आंकडा फुगविलेला असे. विंडोज ९८ असलेल्या संगणकास हें यंत्र जोडावयाचें तर त्याच्याबरोबर आलेल्या तबकडीवरून एक साहाय्यक प्रोग्राम आधीं चढवावा लागे. २००० सालानंतरच्या विंडोजांस त्याची गरज राहिली नाहीं. यंत्र जोडतांच संगणकांत ई, एफ, जी, एच अशीं चार नवीं अक्षरें दिसूं लागत. चारी खांचा रिकाम्या असल्या तरी अक्षरें चार, आणि रिकाम्या अक्षरावर टिचकी मारली कीं संगणक डिस्क घालण्यास सांगे. त्यामुळें नवखा मनुष्य घोंटाळून जाई. २००९ सालच्या विंडोज ७ पासून रिकाम्या खांचा यादींतून लपविण्यांत आल्या.

डबीच्या आंत एक नियंत्रक चिप असते आणि सारें दुभाष्याचें काम ती करते. कॉम्पॅक्ट-फ्लॅश कार्ड तिला सोपें जाई. कारण त्या कार्डाच्या पोटांत त्याचा स्वतःचा कारभारी असतो आणि तो संगणकाच्या हार्ड डिस्कसारखाच बोलतो. एस-डी आणि मेमरी स्टिक ह्यांच्याहि पोटांत कारभारी असतो, परंतु त्यांच्या बोली निराळ्या. स्मार्ट-मीडिया आणि एक्स-डी ह्यांत मात्र कारभारीच नाहीं. नुसतीं कोठारें आहेत. कोणत्या घरांत काय आहे, कोणतें घर नादुरुस्त झालें आहे, हा सगळा हिशेब रीडरनेंच ठेवावयाचा. म्हणून रीडर जेवढ्या क्षमतेचीं कार्डें ओळखण्यास शिकलेला असे, त्याहून मोठें कार्ड आलें कीं तो गोंधळून जाई. ह्या सर्व बोली समजून घेऊन चिप शेवटीं संगणकास एकाच ठराविक भाषेंत सांगते, कीं ही एक साधी डिस्क आहे, तिच्यांत अमुक इतके कप्पे आहेत, हवा तो मागून घ्या. संगणकास कार्डाची जात कळतहि नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावयास हवी. कार्ड वाचलें जाण्यासाठीं तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली आकार, म्हणजे कार्ड खांचेंत बसलें पाहिजे. दुसरी बोली, म्हणजे रीडरला त्या कार्डाची विद्युत्-भाषा आली पाहिजे. तिसरी मांडणी, म्हणजे कप्प्यांत मजकूर कोणत्या पद्धतीनें लावलेला आहे हें संगणकास कळलें पाहिजे. आकार जुळला म्हणजे सर्व जुळलें, अशी सामान्यतः समजूत असते, आणि घोंटाळा तेथेंच होतो.

एस-डी कार्डाचेंच उदाहरण घ्यावें. मूळच्या एस-डी कार्डांत प्रत्येक बाइटला स्वतंत्र क्रमांक होता. त्यामुळें २ गिगाबाइटांच्या पलीकडे जाणें अवघड झालें. २००६ सालीं एस-डी-एच-सी हा नवा प्रकार आला, त्यांत एकेका बाइटऐवजीं ५१२ बाइटांच्या एकेका गठ्ठ्यास क्रमांक दिला. दप्तरांत ओळीओळीस क्रमांक देण्याऐवजीं पानापानास द्यावा, तसेंच हें. क्षमता ३२ गिगाबाइटांपर्यंत वाढली, पण बाहेरून कार्ड अगदीं पूर्वीसारखेंच राहिलें. जुन्या रीडरमध्यें तें बिनचूक बसे आणि तरीहि वाचलें जात नसे. पुढें २००९ सालीं एस-डी-एक्स-सी आलें. त्याची मांडणीच नवी, एक्स-फॅट नांवाची. ती मूळच्या विंडोज एक्स-पीस ठाऊक नव्हती, तीसाठीं निराळी पुरवणी चढवावी लागे. मायक्रोसॉफ्टनें ह्या मांडणीचे नियम सर्वांसाठीं खुले केले ते २०१९ सालीं. ह्याच्या उलट एक सुव्यवस्थाहि घडून आली, तिचें श्रेय द्यावयास हवें. १९९८ सालीं जपानी उत्पादकांनीं आपसांत ठराव करून सर्व कॅमेऱ्यांसाठीं एक नियम घातला, कीं चित्रें डी-सी-आय-एम नांवाच्या फोल्डरमध्यें असावीं, आणि प्रत्येकाच्या नांवांत चार अक्षरें व चार आंकडे असावे. कार्डांचे आकार निराळे राहिले, पण आंतील घडी सारखी झाली. आजहि कोणत्याहि कार्डांतील चित्रें शोधावयाचीं तर प्रथम त्याच फोल्डरमध्यें पाहावें.

ह्या तिहींपैकीं एखादी गोष्ट जुळली नाहीं, म्हणजे संगणक काय करतो, हा ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तो 'मला हें वाचतां येत नाहीं' असें सांगत नाहीं. तो सांगतो कीं ही डिस्क फॉरमॅट केलेली नाहीं, ती आतां फॉरमॅट करावयाची काय? नाचतां येईना आणि अंगण वांकडें, त्यांतलाच हा न्याय! दोष वाचणाऱ्याच्या अज्ञानाचा, आणि ठपका कार्डाच्या माथीं. घरांतील माणूस गोंधळून 'होय'वर टिचकी मारतो, आणि कार्डावरील यादी कोरी होते. झटपट फॉरमॅट केल्यानें पुष्कळदां चित्रें लगेच नाहींशीं होत नाहींत. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पानें तशींच राहावीं, तशी ती स्थिति असते, आणि जाणत्या माणसाच्या हातीं त्यांतलें बरेंचसें परत मिळतें. पण त्याच कार्डावर नवीन चित्रें काढलीं कीं जुनीं पानें खरोखरच पुसलीं जातात. मोडी येत नाहीं म्हणून ज्यांनीं वाडवडिलांचे रुमाल रद्दींत घातले, त्यांनीं ते वाईट हेतूनें घातले नाहींत. ते कागद निरुपयोगी आहेत असें त्यांस प्रामाणिकपणें वाटलें. न वाचतां येणें आणि कोरें असणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढाच विवेक तेथें उणा पडला. आज घरोघर तोच विवेक हवा आहे. संगणकाच्या त्या प्रश्नास पहिलें उत्तर नेहमीं 'नाहीं' असेंच द्यावें, कार्ड बाहेर काढून घ्यावें, आणि दुसरा वाचक शोधावा.

मराठी घरांस ह्याच्याहि पुढची एक पायरी आहे. कार्डांवर किंवा जुन्या डिस्कांवर केवळ चित्रेंच असतात असें नाहीं. कोणी घराण्याची वंशावळ, कोणी लग्नाची पत्रिका, कोणी आजीच्या आठवणी मराठींत टंकून ठेवलेल्या असतात. त्या काळीं प्रत्येक मराठी टंकसंचाची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी असे. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपि, त्याच पुण्यांतील सी-डॅक संस्थेचे टंक, आणि इतर कित्येक. तो टंक संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. १९९१ सालच्या युनिकोडनें जगांतील इतर लिप्यांबरोबर देवनागरीसहि एकच क्रमांकमाला दिली. २०१४ सालीं मोडीसहि तींत जागा मिळाली. मात्र जुना मजकूर आपोआप नव्या मालेंत येत नाहीं, तो कोणीतरी मुद्दाम बदलून घ्यावा लागतो. तेव्हां चिन्हांची ती विचित्र रांग पाहून फाइल बिघडली असें समजून ती पुसूं नये. तीहि एक लिपीच आहे. तिचा पारसनीस तेवढा शोधावयाचा आहे.

आतां घाई कां करावी, ह्याचीं कारणें दोन. पहिलें कारण असें, कीं कार्डें स्वतः अमर नाहींत. घराघरांत कोंडलेले ते विद्युत्कण वर्षानुवर्षें अगदीं थोडेथोडे पाझरत असतात. उष्णता आणि वारंवार केलेलें लेखन ह्यांनीं भिंती आणखी झिजतात. दहा-वीस वर्षें खणांत पडलेलें कार्ड अजून वाचलें गेलें तर ते भाग्य समजावें, हक्क समजूं नये. दुसरें कारण अधिक मोठें आहे. कार्डाच्या आधीं त्याचा वाचक नाहींसा होतो. एक्स-डी कार्ड दहा वर्षेंहि पुरतीं टिकलें नाहीं. खुद्द सोनीनेंहि २०१० सालीं आपल्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिकबरोबर एस-डी घेण्यास आरंभ केला. नव्या रीडरांत आज बहुधा एस-डी आणि मायक्रो-एस-डी ह्या दोनच खांचा असतात. अॅपलनें आपल्या मॅकबुक-प्रोंतून एस-डीची खांच २०१६ सालीं काढून टाकली आणि लोकांची गैरसोय पाहून २०२१ सालीं परत आणली. परंतु असें परत येण्याचें भाग्य प्रत्येक खांचेस लाभत नाहीं. स्मार्ट-मीडियाची खांच आतां नव्या यंत्रांत कोणी परत आणील अशी आशा करण्यांत अर्थ नाहीं.

म्हणून ज्या घरांत अनेक खांचांचा जुना रीडर अजून चालूं आहे, त्या घरानें तो मोडींत देऊं नये. आप्तेष्टांत आणि शेजाऱ्यांत त्याची ओळख करून द्यावी. गांवांत मोडी वाचणारा एकच म्हातारा उरला तर त्याला जेवढें जपावें, तेवढेंच ह्या डबीस जपावें. कार्ड वाचावयास घेण्यापूर्वीं एस-डी अथवा मेमरी स्टिक असेल तर तिच्या कडेची लहान कळ लेखनबंदीकडे सरकवावी. तरीहि सावध असावें. कारण एस-डीवरील ती कळ रीडरला केवळ खूण दाखविते, ती पाळणें न पाळणें रीडरच्या हातीं असतें. चित्रें कार्डावरच उघडून पाहत बसूं नये. प्रथम सबंध कार्डाची नक्कल संगणकावर उतरवावी, ती उघडून खात्री करावी, तिची दुसरी नक्कल निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि शक्य तर तिसरी निराळ्या घरीं. कार्ड मात्र पुसूं नये; पुन्हां वापरण्यापेक्षां तें तसेंच ठेवणें स्वस्त पडतें.

नांवें देण्याचा आळस करूं नये, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. कॅमेऱ्यानें दिलेलें चार अक्षरांचें आणि चार आंकड्यांचें नांव पाहून मूल कोणाचें आणि अंगण कोणाचें हें पुढल्या पिढीस कळणार नाहीं. प्रत्येक फोल्डरवर साल, गांव आणि प्रसंग मराठींत लिहावा. गांवांचींहि नांवें बदलतात. अहमदनगरचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. त्यापूर्वींच्या चित्रांवर एक नांव आणि नंतरच्यांवर दुसरें, असें झालें तर पन्नास वर्षांनीं शोधणारास दोन्ही नांवें एकाच गांवाचीं आहेत हें माहीत असेलच असें नाहीं. म्हणून दोन्ही नांवें लिहावीं. त्यास खर्च कांहींच पडत नाहीं.

अशा नकला करून ठेवणें हें कोणास क्षुल्लक घरकाम वाटेल. परंतु ह्याच जिल्ह्यांतील नेवासें येथें १२९० सालीं सांगितली गेलेली ज्ञानेश्वरी आज मराठी माणसाच्या हातीं आहे, ती तेव्हांच्या मूळ पानांमुळें नव्हे. तिच्या नकला होत गेल्या, त्यांत चुका शिरल्या, आणि १५८४ सालीं एकनाथांनीं त्या नकला ताडून पाहून पाठ शुद्ध केला, म्हणून ती आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ ह्या काळांत गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध झाले; तेव्हां मोडींतलें लेखन बाळबोध छापांत आलें आणि ज्यांस मोडी येत नव्हती त्यांसहि तें खुलें झालें. दोन्ही ठिकाणीं स्मृति टिकली ती ज्या वस्तूवर ती प्रथम लिहिली गेली तिच्या बळकटपणामुळें नव्हे. वाचणारा जिवंत असतांनाच कोणीतरी ती पुढच्या काळाच्या अक्षरांत उतरवून ठेवली, म्हणून टिकली.

टेबलाच्या खणांतील त्या दोन-चार कार्डांची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं. त्यांवरचीं बारशीं आणि लग्नें देशाच्या इतिहासांत जाणार नाहींत हें खरें. परंतु ज्या घरचीं तीं आहेत, त्या घरापुरता दुसरा इतिहास नाहीं. रीडर अजून मिळतो, तार अजून जोडली जाते, आणि कार्डांतील कण बहुतेक जागच्या जागीं आहेत. तोंवर एक रविवार ह्या कामीं खर्ची घालावा.